पंखा मंद केला की घुमतो: कोकणातल्या घरात काय तपासायचं, काय बदलायचं

पंखा फुल असेपर्यंत गप्प असतो. बटण फिरवून निम्म्यावर आणला की वरून ‘घूंऽऽ’ सुरू होतं. दिवसा ते कुणाच्या लक्षात येत नाही. रात्री रातकिड्यांखेरीज दुसरा आवाज नसतो तेव्हा तेच एक डोक्यात घुमत राहतं. खापर फुटतं पंख्यावर. मग ‘जुना झाला’ म्हणून नवा येतो, त्याच बोर्डाला लागतो आणि आठवड्याभरात तोही घुमायला लागतो. दोष बहुतेक वेळा छताला नसून भिंतीवरच्या गोल बटणात, म्हणजे रेग्युलेटरमध्ये असतो, म्हणून पैसे खर्च करण्याआधी तपासणीचा क्रम नीट लावावा.

आधी स्विच बंद करून ऐका

पंखा नेमका ज्या वेगावर घुमतो त्या वेगावर ठेवा. खिडक्या लावा, टीव्ही बंद करा. पंख्याखाली उभं राहून दुसऱ्याला स्विच बंद करायला सांगा. वीज गेली तरी पाती पुढे मिनिटभर तरी फिरत राहतात, आणि त्या मिनिटातच सगळं कळतं.

स्विच पडताच आवाज कापल्यासारखा थांबला आणि पाती नुसती फिरत राहिली, तर आवाज विजेचा आहे: रेग्युलेटर, पंख्यावरचा कंडेन्सर (म्हणजेच कपॅसिटर, वीज साठवणारा छोटा डबा) किंवा येणारा वीजपुरवठा. स्विच पडल्यावरही आवाज चालूच राहिला आणि वेगाबरोबर हळूहळू उतरला, तर तो यंत्राचा आहे: बेअरिंग, पाती, स्क्रू. दोन्ही मिसळलेले असू शकतात. तेव्हा स्विच पडल्यावर जेवढा आवाज गेला तेवढाच रेग्युलेटरच्या नावावर लिहा.

आता दुसरी परीक्षा. पंखा फुल करा. फुलवर शांत आणि मधल्या वेगावर घूं, तर संशय रेग्युलेटरवर पक्का. फुलवरही तितकाच घुमत असेल तर कंडेन्सर, वाइंडिंग (मोटरमधली गुंडाळलेली तार) किंवा इन्व्हर्टर यांच्याकडे वळा. आणि आवाज वरून येतोय की बोर्डातून, हेही कान लावून पाहा. बोर्डातून तडतड येत असेल तर ती घुमण्याची गोष्टच नव्हे. टर्मिनलचा स्क्रू सैल आहे आणि आत ठिणगी पडतेय. ते काम त्याच दिवशी करावं.

डिमरने पंखा का घुमतो

आपल्याकडची वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. म्हणजे व्होल्टेजची लाट सेकंदाला ५० वेळा वर-खाली होते, म्हणजेच १०० अर्ध्या लाटा. या लाटेचं टोक सुमारे ३२५ व्होल्टपर्यंत जातं. सळसळत वाढणारी आणि उतरणारी ही लाट मोटरला मानवते.

डिमर म्हणजे वेग सलग कमी-जास्त करणारा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर. त्यात ट्रायॅक नावाचा इलेक्ट्रॉनिक स्विच असतो. तो प्रत्येक अर्ध्या लाटेचा सुरुवातीचा भाग अडवून धरतो आणि मग एकदम दार उघडतो. जितकं जास्त अडवाल तितका पंखा मंद. दिव्याला याचं काही वाटत नाही, कारण बल्बची तार तापलेली असते आणि तिला हे धक्के जाणवत नाहीत. मोटरमध्ये मात्र पातळ पोलादी पत्र्यांची चळत आणि तिच्यावर गुंडाळलेली तांब्याची तार असते. सेकंदाला १०० वेळा असा धक्का बसला की पत्रे आणि तार थरथरतात. साध्या लाटेवरही मोटर १०० हर्ट्झवर किंचित गुणगुणतेच. डिमरमुळे त्यात २००, ३०० आणि त्याहून वरचे सूर भरतात. कानाला त्रास देतात ते हेच वरचे सूर.

मधल्या वेगावर आवाज सर्वांत जास्त का, याचं उत्तरही इथेच आहे. बटण मध्यावर असताना ट्रायॅक नेमका लाटेच्या टोकाजवळ उघडतो, म्हणजे मोटरवर शून्यावरून एकदम ३२५ व्होल्टच्या आसपास उडी पडते. अगदी मंद किंवा अगदी फुल असताना ती उडी लहान असते. पंखा एक आणि पाचवर बरा, अडीच-तीनवर असह्य, अशी तक्रार असेल तर डिमर पकडला गेला समजा.

तुमच्याकडे कोणता रेग्युलेटर आहे

बटण रेडिओच्या आवाजासारखं सलग फिरत असेल, मध्ये कुठे ‘टक्’ होत नसेल, तर तो ट्रायॅकचा डिमर. टक् टक् करत १-२-३-४ असा थांबत असेल तर बहुधा कपॅसिटरचा स्टेप रेग्युलेटर. ‘बहुधा’ म्हणायचं कारण, काही ट्रायॅकवालेही टप्प्यांचं बटण लावून विकतात. खात्री करायची तर पंखा मधल्या वेगावर ठेवून जुना रेडिओ मीडियम वेव्हवर लावा आणि बोर्डाजवळ न्या. डिमर असेल तर रेडिओ खरखरतो, बटण फिरवलं की खरखरीचा सूर बदलतो. कपॅसिटरवाला रेडिओला छळत नाही.

तिसरा प्रकार म्हणजे जुन्या घरांतला काळा किंवा पांढरा मोठा डबा. त्यात रेझिस्टन्सची तार असते. तो पंख्याला घुमवत नाही, पण मंद वेगावर स्वतः तापतो आणि वाचवलेली वीज भिंतीत उष्णतेच्या रूपाने घालवतो. आवाजाची तक्रार नसेल आणि टर्मिनल स्वच्छ असतील तर घाईने काढायची गरज नाही.

मुख्य उपाय: डिमर काढून कपॅसिटर स्टेप रेग्युलेटर

कपॅसिटरवाला रेग्युलेटर लाट कापत नाही. वाटेत कपॅसिटर घालून तो पंख्याला मिळणारं व्होल्टेज कमी करतो. लाट लहान होते, पण तिचा आकार जवळपास तसाच राहतो. शेवटच्या टप्प्यावर पंखा थेट लाइनला जोडला जातो. घूं कमी करायला याहून परिणामकारक आणि स्वस्त उपाय नाही. काही शे रुपयांचं काम आहे.

विकत घेताना तीन गोष्टी बघा. वेष्टनावर ‘कपॅसिटर टाइप’ किंवा ‘हम-फ्री, स्टेप टाइप’ असं स्पष्ट लिहिलेलं असावं. नुसतं ‘इलेक्ट्रॉनिक’ पुरत नाही, कारण डिमरही इलेक्ट्रॉनिकच असतो. वॉटेज पंख्यापेक्षा जास्त हवं; साधा जुना ४८ इंची पंखा ७० ते ८० वॉट घेतो, त्याला १०० वॉटचा चालतो. आणि मॉड्युलर बोर्ड असेल तर एक मॉड्यूलचा हवा की दोनचा, ते मोजून जा, नाहीतर बाजारपेठेत दुसरी फेरी आलीच.

बदलताना:

१. मेन किंवा त्या खोलीचा एमसीबी पाडा. फक्त पंख्याचा स्विच बंद करून काम करू नका. जुन्या चिऱ्याच्या घरांत स्विच फेजऐवजी न्यूट्रलवर लागलेला बऱ्याचदा सापडतो; तेव्हा स्विच बंद असूनही पंख्यापर्यंत फेज जिवंत असतो.

२. टेस्टर आधी चालू सॉकेटमध्ये लावून पेटतोय ना बघा, मग बोर्डाच्या तारांना लावा. शक्य असेल तर मल्टिमीटरने दुजोरा घ्या. दमट हवेत टेस्टर कधी उगाच मंद पेटतो, कधी पेटायला हवा तेव्हा पेटत नाही.

३. बोर्ड उघडून मोबाइलवर फोटो काढा. रेग्युलेटरला दोनच तारा असतात: एक स्विचकडून, दुसरी पंख्याकडे जाणारी. कपॅसिटरवाल्यालाही दोनच. कुठली कुठे लावली याने सहसा फरक पडत नाही, पण डब्यावर ‘लाइन’ आणि ‘लोड’ लिहिलं असेल तर ते पाळा.

४. तारांची टोकं बघा. किनाऱ्यालगत तांब्यावर हिरवट थर चढलेला असतो. तो भाग कापून टाका, नवीन ८ ते १० मिमी तार सोला, पिळून स्क्रूखाली घट्ट बसवा. हिरव्या तारेवर नवा रेग्युलेटर लावला की चार महिन्यांत तडतड सुरू होते आणि दोष नव्या रेग्युलेटरला लागतो.

५. जुना डिमर पूर्णपणे काढून टाका. ‘राहू दे, फुलवर ठेवतो’ म्हणून तो ओळीत ठेवून पुढे कपॅसिटरवाला जोडला तर ट्रायॅक आणि कपॅसिटर एकमेकांशी भांडतात. पंखा झटके घेतो आणि ट्रायॅक उडतो.

६. एमसीबी चढवा. पंखा आधी सर्वांत वरच्या टप्प्यावर सुरू करा, मग एकेक टप्पा खाली आणा. प्रत्येक टप्प्यावर अर्धा मिनिट थांबून ऐका.

७. शेवटी पंखा पूर्ण थांबू द्या आणि एकवर ठेवून स्विच चालू करा. त्याने आपणहून गती धरली पाहिजे. ही परीक्षा संध्याकाळी, गावातले सगळे दिवे लागलेले असताना करा. मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. २३० ऐवजी १८० व्होल्ट आला तर जोर साठ टक्क्यांवर येतो. दुपारी एकवर सुरू होणारा पंखा रात्री आठला नुसता घुमत जागीच उभा राहतो, आणि तसा उभा राहिलेला पंखा वाइंडिंग तापवतो. असं होत असेल तर घरात सांगून ठेवा: आधी फुल, मग कमी.

बटण दोन टप्प्यांच्या मध्ये अडकवून ठेवू नये, आत ठिणग्या पडतात. एका रेग्युलेटरवर दोन पंखे जोडू नयेत. आतले कपॅसिटर एकाच पंख्याच्या हिशेबाने निवडलेले असतात. आणि पंखा नवा, कमी वॉटचा, पण साध्या मोटरचा असेल तर खालचे टप्पे अपेक्षेइतके मंद वाटणार नाहीत. कमी करंट म्हणजे कपॅसिटरवर कमी व्होल्टेज पडतं, इतकंच. रेग्युलेटर खराब निघालेला नाही.

डिमरच ठेवायचा असेल तर

काही घरांत बोर्डाच्या पट्टीशी बटण जुळवायचं असतं, काहींना सलग वेगच हवा असतो. मग निदान पंख्यासाठी बनवलेला डिमर घ्या. दिव्याचा डिमर पंख्याला लावू नका. मोटरच्या भारावर ट्रायॅक वेळेवर बंद व्हावा म्हणून लागणारी स्नबरची जोडणी त्यात नसते. चांगल्या पंखा-डिमरमध्ये छोटी चोक कॉइलही असते, ती धक्क्याची धार बोथट करते. आवाज कमी होतो, जात नाही. मधला वेग टाळा, एवढाच खरा सल्ला.

एक जुगाड मात्र करू नका: डिमरच्या बाहेरच्या बाजूला, पंख्याच्या दोन तारांमध्ये कपॅसिटर लावून ‘आवाज मारणं’. ट्रायॅक उघडताच रिकाम्या कपॅसिटरमध्ये करंटचा लोंढा शिरतो आणि ट्रायॅक जातो.

डिमर बिघडल्याच्या खुणा अशा. पंखा बटण कसंही फिरवलं तरी फुलच पळतो: ट्रायॅक शॉर्ट. मेअखेरच्या आणि परतीच्या पावसातल्या विजांनंतर हे हमखास दिसतं. पंखा अजिबात फिरत नाही: ट्रायॅक आतून तुटला, वीज सोडतच नाही, किंवा तार सुटली. तिसरी खूण धोक्याची आहे: पंखा एकदम मोठ्याने गुरगुरतो, वेग धरत नाही आणि मोटर हात ठेववणार नाही इतकी तापते. इथे ट्रायॅक लाटेची एकच बाजू सोडत असतो, म्हणजे मोटरला डीसी मिळतो. वायरमनकडे मल्टिमीटर असेल तर पंख्याच्या तारांवर डीसी व्होल्ट मोजायला सांगा. तो शून्याजवळ हवा. दहा-वीसच्या वर दिसला तर डिमर तिथल्या तिथे काढावा, वाइंडिंग जळायला वेळ लागत नाही.

कंडेन्सर

फुलवरही घुमतो, वेग कमी झालाय, सुरू होताना हाताने ढकलावं लागतं: हा पंख्याच्या स्वतःच्या कंडेन्सरचा आजार. तो रॉडच्या वरच्या वाटीत किंवा मोटरच्या डोक्यावरच्या कपात असतो. साध्या पंख्याला बहुतेक २.२५ किंवा २.५ मायक्रोफॅरॅडचा असतो, एसी ४४० व्होल्टचा. अंगावर आकडा छापलेला असतो, त्याच आकड्याचा नवा आणा.

वीज तोडून, दोन मिनिटं थांबून, टेस्ट लॅम्पची (तारा जोडलेल्या बल्बची) दोन टोकं कंडेन्सरच्या तारांना लावून साठलेला भार उतरवा, मगच हात लावा. मल्टिमीटरवर २.५ चा कंडेन्सर २.२ च्या खाली दाखवत असेल तर बदला. वेग वाढेल म्हणून ३.१५ चा घालणारे लोक आहेत. वेग किंचित वाढतो, पण सुरुवातीच्या वाइंडिंगमधून जास्त करंट जातो, मोटर तापते आणि घूं उलट वाढतं. आपण ज्यासाठी वर चढलो त्याच्या बरोबर विरुद्ध.

तुळई, हूक आणि रबर

स्लॅबच्या घरात जो आवाज कानाआड होतो तो कौलारू घरात दुप्पट का वाटतो? लोखंडी हूक थेट तुळईत ठोकलेला असतो आणि तुळईवर माळ्याच्या फळ्या. मोटरची थरथर रॉडमधून हुकात, हुकातून तुळईत, तिथून फळ्यांत जाते आणि अख्खा माळा पखवाजाच्या खोडासारखा घुमतो. पंखा चालू असताना माळ्यावर चढून तुळईवर हात ठेवून पाहा. तळहाताला थरथर लागली तर रेग्युलेटर बदलूनही इथे काम बाकी आहे.

हूक आणि रॉडचा शॅकल (रॉडच्या टोकाची यू आकाराची कडी) यांच्यामध्ये रबराची एक छोटी रीळ असते. सगळी गंमत तिच्यात आहे. खाऱ्या हवेत आणि कौलांखालच्या उष्णतेत ती काही वर्षांत दगडासारखी कडक होते, तडकते, मग लोखंड लोखंडावर बसतं. नखाने दाबून पाहा. खळी पडत नसेल तर बदला. पंखा उतरवावा लागतो, पण वस्तू किरकोळ किमतीची आहे. हूक क्लॅम्पने बसवलेला असेल तर क्लॅम्पची पट्टी आणि लाकूड यांच्यामध्ये ६ मिमी जाडीचं रबर घाला आणि दोन नट एकमेकांवर आवळा. फोम किंवा कापड घालू नका. ते दबून सैल पडतं.

पंखा खाली असतानाच हूक तारेच्या ब्रशने खरवडा. गंजाचे पापुद्रे निघून आतलं लोखंड मूळ जाडीपेक्षा स्पष्ट बारीक दिसलं तर आवाजाचा विचार सोडा आणि हूक बदला. शॅकलच्या बोल्टची स्प्लिट पिन गंजून तुटलेली असते, तिथे स्टेनलेसची घाला आणि दोन्ही पाय वाकवा. वरची वाटी छताला टेकता कामा नये, तीन-चार मिलिमीटर फट ठेवा. टेकलेली वाटी थरथर थेट फळीला देते. रॉड ताठ जखडायचा नाही, त्याला किंचित डोलता आलं पाहिजे.

पात्यांचे स्क्रू आवळा, वॉशर गंजले असतील तर बदला. पाती दोन्ही बाजूंनी पुसा. किनाऱ्यावर धूळ मिठाने चिकटते आणि एका पात्यावर जास्त बसली तरी पंखा डोलतो. मग टेपने एका पात्याच्या टोकापासून पुढच्या पात्याच्या टोकापर्यंतची तिन्ही अंतरं मोजा. तीन-चार मिमीपेक्षा जास्त फरक नको.

बंद घरातला पंखा

मे महिन्यात कुलूप लावून माणसं मुंबईला जातात, ते घर गणपतीत उघडतं. पूर्ण पावसाळा बंद राहिलेल्या घरातल्या पंख्याला स्विच देण्याआधी काठीने पातं हळूच फिरवा. खरखर लागली तर बेअरिंगमध्ये गंज शिरला आहे. तेल सोडून चालत नाही, सीलबंद बेअरिंगमध्ये ते आत जातच नाही आणि वाइंडिंगवर मात्र गळतं. पंखा सुरू करताच आरसीसीबी (वीजगळती झाली की पडणारा स्विच) पडत असेल तर वाइंडिंग ओलं आहे. पुन्हा पुन्हा चढवू नका, वायरमनकडून मेगरने (इन्सुलेशन तपासायच्या मीटरने) तपासून घ्या.

बेअरिंग बदलताना जुन्यावरचा नंबर वाचून तोच आणावा. बहुतेक पंख्यांत ६२०२ आणि ६२०१ अशी जोडी असते. पहिल्याचं भोक १५ मिमी, दुसऱ्याचं १२. पत्र्याच्या शील्डऐवजी दोन्ही बाजूंनी रबर सील असलेली घ्या, खाऱ्या दमट हवेत ती जास्त टिकतात. शाफ्टवर बसवताना पाइपचा तुकडा आतल्या कड्यावर टेकवून ठोकायचं. बाहेरच्या कड्यावर हातोडी बसली तर नवं बेअरिंग पहिल्याच दिवशी कुरकुरतं.

फक्त इन्व्हर्टरवर घुमतो

पावसात वीज गेली की घूं सुरू आणि आली की बंद, असं असेल तर तुमचा इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा आहे. त्याची लाट चौकोनी असते. मूळ सुरासोबत तिप्पट वारंवारितेचा सूर तिसरा हिस्सा जोराने येतो, त्यावर आणखी वरचे. इथे कपॅसिटरचा रेग्युलेटरही वाचवत नाही, कारण वारंवारिता जितकी जास्त तितकी कपॅसिटर तिला वाट सोपी करून देतो. अशा इन्व्हर्टरवर पंखा फुलवर ठेवणं बरं. कायमचा इलाज प्युअर साइन वेव्हचा, म्हणजे लाइनसारखीच गोलसर लाट देणारा इन्व्हर्टर. जुन्याची बॅटरी बदलायला आली असेल तेव्हाच हा विचार करा.

बीएलडीसी (ब्रशलेस डीसी मोटरचा) पंखा, जो फुलवर ३० वॉटच्या आसपास घेतो, त्याला मात्र डिमर किंवा स्टेप रेग्युलेटर कोणताच लावायचा नाही. त्याचा वेग आतलं सर्किट आणि रिमोट सांभाळतात. जुना रेग्युलेटर बोर्डातून काढा, त्याच्या दोन तारा कनेक्टरने जोडा आणि रिकाम्या जागी पट्टी लावा. फुलवर ठेवून सोडला तर घरी आलेलं पोर कधीतरी ते बटण फिरवतंच, आणि मग जातो तो पंख्यातला सर्किट बोर्ड.